एकशेऐंशी पत्ते आणि एक कासव

"मेला! मेला! ज्वालामुखाचा वार!" भोपू एवढ्या जोरात ओरडला की वाचनालयाच्या मागच्या खोलीतली खिडकी थरथरली.

"आधी हिशेब, मग बोंब," टाचणी म्हणाली. "ज्वालामुखाचा मार पस्तीस. समोर बर्फाचा पत्ता. आगीचा मार बर्फावर दुप्पट. किती झाले?"

"सत्तर!" बारकीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं. "आणि माझ्या हिमगेंड्याचा जीव एकशेवीस होता. म्हणजे पन्नास उरला. मेला नाहीये तो, दादा! उगाच नाचू नकोस!"

भोपूचं तोंड एवढंसं झालं. समोर मांडी घालून बसलेली पाच-सहा चिल्लीपिल्ली फिदीफिदी हसली.

'झुंज' नावाचा हा पत्त्यांचा खेळ तेव्हा शाळेत कोण खेळत नव्हतं? प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी. वरच्या कोपऱ्यात त्याचा जीव, खालच्या कोपऱ्यात मार. बेरीज, वजाबाकी, दुप्पट, निमपट, सगळं पत्ता टाकता टाकता करायचं. उत्तर चुकलं की वार फुकट!

"आता विष," टाचणीनं पुढचा पत्ता टाकला. "चौथ्या पाळीला विष लागलं. ते तीन पाळ्या टिकतं. विषाची शेवटची पाळी कितवी?"

"चार आणि तीन... सातवी!"

"चुकलीस! चौथी, पाचवी, सहावी. सुरुवातीची पाळीसुद्धा मोजायची असते गं! तिनं काय घोडं मारलंय?"

बारकीनं जीभ चावली आणि बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. खरंच की, सहावी!

आता ही मंडळी कोण, ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मध्येच विचारत बसाल. टाचणी तेरा वर्षांची, अंगानं बारीक आणि जिभेनं टोकदार. भोपू बारा वर्षांचा. त्याला कानात सांगायला सांगितलं तरी ते चार घरं ऐकू जायचं. त्याच्याच वर्गातला वकील. 'आज उकडतंय' एवढं म्हटलं तरी हा म्हणणार, "पुरावा?" आणि बारकी ही भोपूची धाकटी बहीण, वय वर्षं नऊ.

सगळी भानगड बारकीपासूनच सुरू झाली होती. तिसरीच्या गणिताच्या पेपरात तिला पन्नासपैकी चार मार्क पडले होते. चार! कागदावर आकडे दिसले की तिच्या पोटात गोळा यायचा आणि येत असलेलंही सगळं विसरायला व्हायचं. गणिताच्या बाईंनी आईला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "सुट्टी संपली की पहिल्या सोमवारी फेरपरीक्षा. त्यात पास झाली तर चौथीत, नाहीतर पुन्हा तिसरीत." बाकावर शेजारी बसणारी तिची मैत्रीण चौथीत जाणार आणि ही एकटी मागे राहणार! या विचारानं बारकी कितीदा तरी रडली होती.

आणि हीच बारकी 'झुंज' खेळताना मोठ्यांची दाणादाण उडवायची! हे टाचणीच्या लक्षात आलं आणि तिनं सुट्टीत गणिताचा वर्गच काढला. बारकीसारखी आणखी काही पोरं आपापली दप्तरं सांभाळत येऊ लागली. सगळ्यांनी जमवलेले पत्ते एका बुटांच्या खोक्यात एकत्र केले. मोजून एकशेऐंशी भरले. नियम एकच, पण कडक. खोलीबाहेर एकही पत्ता जाता कामा नये. जो नेईल, तो वर्गाबाहेर!

तो सोमवार होता. फेरपरीक्षेला बरोबर एक आठवडा राहिला होता.

मंगळवारी साफसफाईसाठी वाचनालय बंद होतं. बुधवारी सकाळी चौघं धावतच मागच्या खोलीत शिरली, आणि भोपूच्या तोंडून चक्क आवाजच फुटेना.

खोकं गायब!

"फळीखाली बघ!"

"बघितलं!"

"कपाटामागे?"

"तिथे फक्त एक पाल आहे!"

ग्रंथपालकाका पुढच्या टेबलाशी एका हातानं फोन कानाला धरून दुसऱ्या हातानं धपाधप शिक्के मारत होते. ते कधीही एका वेळी एक काम करत नसत आणि म्हणून एकही धड होत नसे.

"काका, आमचं खोकं..."

"कसलं खोकं? मला काही ठाऊक नाही. नाही हो, तुम्हाला नाही म्हणालो," हे फोनला. मग पुन्हा पोरांना, "शुक्रवारी तपासणी आहे! साहेब येणार आहेत! आणि वाचनालयात पत्ते पाहिजेत कशाला? गेले तर बरंच झालं! पळा!"

बारकी पायरीवर जाऊन बसली. तिचा उजवा हात फ्रॉकच्या खिशात होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्यांनीच लपवलंय!" भोपू गरजला.

"पुरावा?" वकील म्हणाला, आणि उलटा मागच्या खोलीत गेला. दोन मिनिटांनी त्यानं सगळ्यांना हाक मारली. "हे बघा. फळी पुसायची राहिलीय, धूळ तशीच आहे आणि धुळीत चौकोन उमटलेत. पाच मोठे, एक छोटा. छोटा आपल्या खोक्याचा. मोठे कसले?"

"तिथे जुन्या कार्डांची खोकी होती," टाचणीला आठवलं. संगणक येण्याआधी वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या नावाचं एक कार्ड असायचं. ती हजारो पिवळी पडलेली कार्डं त्या खोक्यांत वर्षानुवर्षं पडून होती.

"म्हणजे सगळं एकदमच गेलंय," वकील म्हणाला. "आता मला सांगा, पत्त्यांचा चोर ती जुनाट कार्डं कशाला नेईल? चोर नाहीच मुळी. कुणीतरी न बघता उचललंय!"

पण कुणी? आणि नेलं कुठे? बुधवार असाच गेला. चौघांनी कचऱ्याचा डबा उपसला, झाडूवाल्या मावशींना भंडावून सोडलं, रद्दीच्या दुकानात तीन चकरा मारल्या. टाचणीनं बारकीला कागदावर गणितं घालून पाहिली, तर हिला सात आणि आठ किती तेही सांगता येईना! पेन्सिल कुरतडून कुरतडून निम्मी झाली. टाचणीला रात्री धड झोप लागली नाही. उरले होते चार दिवस.

गुरुवारी सकाळी मात्र दारातूनच आरडाओरडा ऐकू आला.

"काय चाललंय काय या वाचनालयात?" एक आजोबा काठी आपटत टेबलाशी उभे होते. "मी सांधेदुखीवरचं पुस्तक नेलं. उघडतो तर आत राक्षस! आग ओकणारा! माझी बायको केवढ्यांदा दचकली!"

त्यांनी टेबलावर पत्ते टाकले. भोपूनं उडीच मारली.

"माझा ज्वालामुख!"

एक, दोन, तीन... आठ पत्ते होते. टाचणीनं पुस्तक हातात घेतलं. पुठ्ठा कोरा करकरीत, आणि त्याला ओल्या खळीचा वास. तिनं वकिलाकडे पाहिलं, वकिलानं तिच्याकडे. दोघंही एकदम ओरडली, "तळघर!"

तळघरात बांधणीवाले काका बसत. फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे घालणं हे त्यांचं काम. हात कोपरापर्यंत खळीनं माखलेले, आणि चष्मा नेहमी कपाळावर.

"काका, पुस्तकात हे पत्ते तुम्ही ठेवलेत?"

"पत्ते? छे, छे! कार्डं ठेवतो मी." काकांनी एक पुस्तक उघडून दाखवलं. "पुठ्ठा चिकटवला की खळ ओली असते. ओल पानांना लागू नये म्हणून मध्ये जाड कार्डं सरकवायची आणि पुस्तक दाबाखाली ठेवायचं. आमच्या ग्रंथपालसाहेबांनी मंगळवारी जुन्या कार्डांची सगळी खोकी खाली धाडली. बरं झालं म्हटलं. एका खोक्यातली मात्र जरा आखूडच निघाली. एरवी एका पुठ्ठ्याला दोन पुरतात, ही चार-चार लावावी लागली."

"काका, त्यांच्यावर चित्रं होती! रंगीत!"

"असतील बाबा. चष्मा लावला की माझ्या नाकाला खाज सुटते," काका ओशाळून म्हणाले. "वाळल्यावर कार्डं काढूनच घेतो मी. पण या खेपेला साहेबांनी नुसता धोशा लावला होता. तपासणी आहे, पाठव वर, पाठव वर! पाठवली तशीच."

"म्हणजे आपले पत्ते वरच्या पुस्तकांत आहेत!" भोपूच्या आवाजानं खळीचं भांडं हललं.

टाचणी आता एका जागी उभी राहीना. "काका, ते आखूड खोकं कुठल्या पुस्तकापासून उघडलंत?"

काकांनी वही काढली, आणि पोरांसाठी म्हणून चष्माही नाकावर घेतला. प्रत्येक बांधलेल्या पुस्तकाला ते एक नंबर देत आणि वहीत त्यापुढे पुस्तकाचं नाव लिहीत. "मंगळवारी सकाळचं पहिलंच पुस्तक. चारशे अठरा. ते खोकं संपल्यावर पुढचं घेतलं, पण कुठे संपलं ते काही ध्यानात नाही. आजवर चारशे त्रेसष्टपर्यंत झालीत."

वही घेऊन चौघं धाडधाड जिना चढून वर आली. मागून बांधणीवाले काकाही आले.

"काय?" ग्रंथपालकाका ओरडले आणि पहिल्यांदाच त्यांनी फोन खाली ठेवला. "सेहेचाळीस पुस्तकं उपसायची? उद्या तपासणी आहे! काल दिवसभर मान मोडून कपाटं लावलीत मी! एकाही पुस्तकाला हात लावायचा नाही!"

"पण आमचे पत्ते न बघता तुम्हीच..."

"मी कार्डं पाठवली. पत्ते-बित्ते मी पाठवले नाहीत!"

"सगळी नकोत," टाचणी पटकन म्हणाली. "ज्यांत पत्ते आहेत तेवढीच उघडू. नेमके नंबर सांगतो आम्ही."

टेबलापाशी पुस्तकं बदलायला आलेल्यांची रांग लागली होती. सगळे कान टवकारून ऐकत होते. सांधेदुखीवाले आजोबा म्हणाले, "मुलगी बरोबर बोलतेय!" रांगेतल्या माना डोलल्या. काकांचा नाइलाज झाला.

"ठीक आहे. नेमके नंबर सांगा. पण एक जरी पुस्तक उगाच उघडलं गेलं किंवा हिशेब चुकला, तर तुमचा वर्ग कायमचा बंद! कबूल?"

"कबूल! बारकी, सांग," टाचणी म्हणाली.

"मी?" बारकी मागे सरकली. आणि तेवढ्यात तिला दिसलं. रांगेत तिसऱ्या नंबरला, हातात दोन पुस्तकं घेऊन, साक्षात गणिताच्या बाई उभ्या होत्या! झालं. पोटात गोळा! वकिलानं पुढे केलेला कागद ती नुसताच उलटसुलट करायला लागली.

"तूच सांग ना टाचणीताई! नाहीतर दादा..."

"मला येतं, पण मी सांगणार नाही," टाचणी तिच्या कानाशी लागली. "तो कागद दे इकडे. ही झुंज आहे असं समज. समोरच्याचा जीव एकशेऐंशी. एक पुस्तक म्हणजे एक पाळी. एका पुस्तकाला दोन पुठ्ठे, चार आणि चार. दर पाळीला मार आठ."

बारकीनं डोळे गच्च मिटले. ओठ हलायला लागले.

"दहा पाळ्यांत ऐंशी... वीस पाळ्यांत एकशेसाठ. उरले वीस. आणखी दोन पाळ्या, सोळा. उरले चार." डोळे उघडले. "बावीस पुस्तकं पूर्ण भरलेली. तेविसाव्यात चारच!"

"म्हणजे चारशे अठरा अधिक बावीस!" भोपूला दम कुठला! "चारशे चाळीस! चारशे चाळीसपर्यंत पूर्ण आणि चारशे एकेचाळीस अर्धं! काढा रे पुस्तकं!"

"थांब, दादा! चूक!"

भोपू हात वर तसाच ठेवून थांबला.

"चारशे अठरा ही पहिली पाळी. तीसुद्धा मोजायची असते! अठरा, एकोणीस, वीस..." बोटं भराभरा मिटत होती. "बावीस पाळ्या चारशे एकोणचाळीसला संपतात. अर्धं पुस्तक चारशे चाळीस. एकेचाळीसला हात लावायचा नाही!"

टाचणीला तिला उचलून गरगर फिरवावंसं वाटलं. पण बारकीचा चेहरा एकदम उतरला होता. हात पुन्हा खिशात गेला होता.

"फक्त... चारशे चाळीसमध्ये चार नाही, तीन निघतील," ती पुटपुटली.

"तीन? का गं? आत्ताच तर चार म्हणालीस!"

"निघतील तीन," तिनं पुन्हा एवढंच सांगितलं.

वहीतून नावं वाचायला वकील, कपाटं शोधायला टाचणी आणि भोपू. नुसती धावपळ! एका मोटार दुरुस्तीच्या पुस्तकातून आठ. एका जाड चरित्रातून आठ. भरतकामाच्या पुस्तकातून आठ, त्यातला एक गवा टाक्यांच्या चित्रावर ऐटीत बसलेला! आजोबांच्या पुस्तकाचा नंबर चारशे सव्वीस, त्यातले आठ आधीच हातात होते. रांगेतली माणसं पुस्तकं बदलायचं विसरली आणि मोठ्यानं मोजायला लागली. ग्रंथपालकाका नखं खात उभे होते. चारशे एकोणचाळीस झालं तेव्हा टेबलावर एकशेशहात्तर पत्ते होते.

उरलं चारशे चाळीस. गांडूळखताचं पुस्तक. टाचणीनं ते हळूच उघडलं. पुढच्या पुठ्ठ्यात तीन पत्ते होते आणि त्यांच्या शेजारी एक लांब, पिवळं, जुनं कार्ड. मागच्या पुठ्ठ्यात नुसती पिवळी कार्डं.

"एक कमी!" ग्रंथपालकाकांनी टाळीच वाजवली. "एकशेऐंशी म्हणाला होतात! हे तर एकशेएकोणऐंशी! हिशेब चुकला! वर्ग बंद!"

"नाही चुकला," बारकी म्हणाली.

तिनं खिशातून हात बाहेर काढला. तळहातावर एक पत्ता होता, कोपरे दुमडलेला. कासवराज, जीव दोनशे, मार दहा.

"सोमवारी मी हा घरी नेला होता." तिचे डोळे भरून आले. "उशीखाली ठेवला की मला पेपरची भीती वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ठेवणारच होते, पण वाचनालय बंद होतं. मग खोकंच हरवलं आणि... आणि सांगायची हिंमतच झाली नाही. मी नियम मोडला. मी वर्गाबाहेर."

भोपू बहिणीकडे बघतच राहिला. ही गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं! आणि तिनं आधीच, सगळ्यांसमोर, 'तीन' सांगून टाकलं होतं. त्याला रडू यायला लागलं आणि ते लपवायला त्यानं मोठ्यानं नाक ओढलं.

वकील खाकरला. "न्यायमूर्ती टाचणीबाई! आरोपीनं स्वतःहून कबुली दिली आहे. चोरीचा माल परत केला आहे. शिवाय आरोपी नसती तर बाकीचे एकशेएकोणऐंशी पत्ते गांडूळखतात आणि सांधेदुखीतच राहिले असते. तरी दयेची विनंती आहे!"

"मंजूर!" टाचणी म्हणाली. "वर्गाबाहेर नाही. पण पत्ता बाकीच्यांत ठेव. आणि रविवारपर्यंत रोज वीस गणितं. कागदावर!"

"वीस?" बारकी रडता रडता हसली.

तेवढ्यात गणिताच्या बाई रांग सोडून पुढे आल्या. पोरं आपसूक सरळ उभी राहिली.

"खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "भोपूनं चारशे एकेचाळीस म्हटलं, तेव्हा मीही मनातल्या मनात तेच म्हटलं होतं. मी चुकले. ही नाही चुकली."

"मग फेरपरीक्षा नको ना, बाई?" भोपूनं लगेच संधी साधली.

"वा रे वा! परीक्षा सोमवारी, ठरल्या वेळेला!" बाईंनी बारकीच्या डोक्यावर हात ठेवला. "पण आज जे डोळे मिटून केलंस ना, तेच तिथे करायचं. कळलं?"

ग्रंथपालकाका मात्र केव्हाचे त्या पिवळ्या कार्डाकडे बघत होते. "चूक माझी आहे," ते शेवटी म्हणाले. "फोनवर बोलता बोलता 'फळीवरचं सगळं खाली न्या' म्हणालो. काय आहे ते बघितलंही नाही. ती मागची खोली तुमची, पोरांनो. सुट्टी संपल्यावरसुद्धा."

"आणि मी नव्या चष्म्यासाठी नंबर काढायला जातो," बांधणीवाले काका म्हणाले. शनिवारी त्यांनी पत्त्यांसाठी जाड पुठ्ठ्याची, वरून निळं कापड चिकटवलेली झकास पेटी करून आणली. पेटीच्या आत पेन्सिलीनं नंबर होता, चारशे चौसष्ट.

सोमवार उजाडला. शाळेच्या फाटकाशी टाचणीनं पेटी उघडली आणि कासवराज बारकीपुढे धरला. "आजचा दिवस खिशात ठेव. नियमाला आज सुट्टी."

बारकीनं पत्त्याकडे पाहिलं. हात पुढे आला, आणि मागे गेला.

"नको. पेटीतच राहू दे. एकशेऐंशी पूर्ण पाहिजेत."

आणि ती आत निघून गेली.

पुढचा तास कसा गेला म्हणून सांगू! भोपूनं फाटकाच्या गजांना हात लावत साठ चकरा मारल्या. वकिलानं तीन वेळा घड्याळाचा पुरावा मागितला. आई कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. टाचणी पेटी छातीशी धरून उभी होती.

दार उघडलं. बारकी बाहेर आली. चेहऱ्यावरून काहीच कळेना!

"काय झालं? बोल ना!" भोपूची किंकाळी पार दुसऱ्या मजल्यावर गेली.

"दहापैकी नऊ," बारकी म्हणाली. "बाईंनी तिथल्या तिथे तपासलं. दहाव्यात हातचा विसरले."

मग जो काही दंगा झाला, तो काय वर्णावा! आईनं तिला उचलून घेतलं, भोपू नाचला, वकिलानं पुराव्याशिवाय विश्वास ठेवला. गोंधळ जरा ओसरला तेव्हा बाई पायरीवर उभ्या असलेल्या दिसल्या.

"चौथीत या वर्षी एक मुलगी जास्त बसणार," त्या आईला म्हणाल्या. "आणि या पोरांनी जे केलं, ते मला वर्षभरात जमलं नव्हतं. शाबास रे!" मग त्या बारकीकडे वळल्या. "माझ्या वर्गात आणखी सहा जण आहेत. आकडे दिसले की त्यांच्याही पोटात गोळा येतो. तो तुझा खेळ मला शिकवशील?"

बारकीनं टाचणीच्या हातातली निळी पेटी घेतली, झाकण नीट लावलं आणि मान वर केली.

"शिकवते. पण बाई, पत्ते घरी न्यायचे नाहीत हं! तुम्हीसुद्धा!"